पणजोबांचं नाव कुठे लिहायचं?

ताई,
मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. डिप्लोमा झाल्यावर ट्रेनी म्हणून लागले, आता विभाग सांभाळते. ॲल्युमिनियमच्या एका हाउसिंगचं (बाहेरच्या कवचाच्या पार्टचं) रिजेक्शन काही केल्या थांबत नव्हतं. मशीनवर माप बरोबर यायचं, क्लॅम्प सोडला की बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ओव्हल. मी पार्ट पकडून ठेवणारं फिक्श्चर बदलून घेतलं आणि रिजेक्शन जवळजवळ बंद झालं. त्यावर कंपनीच्या अंकात माझ्याबद्दल लेख येतोय. एचआरने 'घरची पार्श्वभूमी आणि प्रेरणा' लिहून मागितलीय.
माझे पणजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. सिन्नर तालुक्यातून चालत आले होते, तुरुंगातही गेले. वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले, ते म्हणतात लिहीच. आई म्हणते, सरळ चाललंय ते चालू दे. आडनाव गावावरून असल्यामुळे कंपनीत माझी जात कुणाला माहीत नाही. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या कुणाच्या प्रमोशनवर 'कोट्यातला असणार' हे मी ऐकलंय. डिप्लोमाला माझीही सीट राखीव होती. इकडे आमच्या मंडळाने २ मार्चला माझा सत्कार ठेवलाय आणि पत्रिकेत मी नुसती 'सत्याग्रहींची पणती'. कंपनीत पणजोबांना लपवते आणि मंडळात मीच दिसत नाही. काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

अगं,
आधी तुझ्या कामाचं अभिनंदन, आणि ते वरवरचं नाही. माप मशीनवर बरोबर येतं आणि सुटल्यावर बिघडतं, म्हणजे पातळ भिंतीचा पार्ट क्लॅम्पच्या दाबाने वाकलेला असतानाच त्याचं बोअर होतंय. हे ओळखायला शिफ्टमध्ये मशीनजवळ उभं राहून पार्ट हातात घ्यावा लागतो. लेखाची सुरुवात इथूनच व्हायला हवी. एचआरला पाठवायच्या मजकुरात पहिले दोन परिच्छेद फक्त या कामाचे लिही. आधी रिजेक्शन किती होतं, आता किती आहे, दाब कुठून कुठे नेला, ऑपरेटरपैकी कोणाची मदत झाली, सगळं. घरचं त्यानंतर.

घरचं लिहायचं का? माझं मत लिही, असं आहे. पण ते तुझ्यावर बंधन नाही. आज नाही लिहिलंस तर तू पणजोबांशी बेइमान ठरत नाहीस, हे आधी मनात पक्कं कर. हे मी का म्हणते ते सांगते.

अस्पृश्यांना काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला हा सत्याग्रह सुरू झाला. दांडीयात्रा निघायला अजून दहा दिवस होते. मैलभर लांब मिरवणूक पंचवटीत आली, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद होते. लोक दरवाजांसमोर बसून राहिले. रामनवमीनंतरच्या रथोत्सवात, ९ एप्रिलला, रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, लोक जखमी झाले. अटका होत राहिल्या आणि लढा वर्षानुवर्षं चालला. दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला तुमच्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' हे जाहीर केलं.

त्याआधी, ३ मार्च १९३४ ला, बाबासाहेबांनी या सत्याग्रहातले आपले नाशिकचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांना एक पत्र लिहिलं होतं. त्यातलं म्हणणं असं की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून आपण मंदिरप्रवेशाची चळवळ सुरू केली नव्हती. आपल्या लोकांमध्ये चैतन्य यावं, त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी तो मार्ग घेतला होता. तुझे पणजोबा सिन्नरहून चालत आले ते या जाणिवेसाठी. त्यांच्या पणतीने आयुष्यभर हात जोडून 'तुमच्यामुळे' म्हणत राहावं, हा त्यात हिशेब नव्हता. म्हणून 'ऋण', 'उपकार' हे शब्द मजकुरात घालू नकोस. सरळ नोंद कर: 'माझे पणजोबा १९३०च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात सहभागी होते आणि त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला. वडिलांनी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरी केली. घरात दोघांच्याही कामाबद्दल अभिमानाने बोललं जायचं.' बस. यात कुणाची परवानगी मागितलेली नाही आणि कुणाला डिवचलेलंही नाही. इतर घरांत आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते हे जितक्या सहज सांगतात, तितक्याच सहज तू हे सांगायचं.

आता कॅन्टीन. मला खरी काळजी तिथली वाटते, कारण मजकूर छापून आल्यावर तिथे तुला रोज जेवायचंय. कुणी 'कोटा' म्हणालंच, तर खासगी कंपनीत नोकरीला आरक्षण नसतं, ही साधी वस्तुस्थिती आहे. ती सांगायची आणि गप्प व्हायचं. पण 'मी काही कोट्यातली नाही' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नकोस, प्लीज. डिप्लोमाला तुझी सीट राखीव होती आणि ती तुझ्या हक्काची होती. ती लपवलीस तर तुझ्यामागून येणाऱ्या पोरींनाही ती लाज वाटायला लागेल. प्रवेश सीटवर मिळाला, पेपर तूच लिहिलेस. वर्कशॉपचं जॉब तूच फाइल केलंस. ओव्हल बोअरला तुझ्या जातीचा दाखला कुणी विचारला नव्हता. आणि जातीवरून अपमान झालाच, तर तारीख, वेळ, शब्द आणि ऐकणाऱ्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेव. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, कंपनीची तक्रार यंत्रणाही असेल. दोन्हीसाठी नोंद लागते.

आईला मात्र 'तू घाबरतेस' असं म्हणू नकोस. तिने 'सरळ चाललंय' म्हणण्याआधी काय काय पाहिलंय, घर भाड्याने घेताना, शाळेत, शेजारात, ते तुला सगळं ठाऊक असेलच असं नाही. एकदा निवांत बसून विचार. तिचं ऐकून घेतल्यावरही तुला लिहावंसं वाटलं, तर तो निर्णय पक्का समज. आणि तिच्या सांगण्यात तुला पटण्यासारखं काही निघालं, नव्या विभागात अजून जम बसतोय किंवा वरिष्ठांचा भरवसा नाही असं काही, तर पुढच्या वर्षी लिही. पणजोबा कुठे जात नाहीत.

विचारायला बसलीसच तर पणजीचंही विचार. पत्रात तिचा एक शब्द नाही. बायकाही त्या सत्याग्रहात मोठ्या संख्येने होत्या. ती होती का? नसेल तर नवरा तुरुंगात असताना घर कशावर चाललं, पोरांना कोणी सांभाळलं? घरात अजून कुणाला आठवत असेल, तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. ट्रंकेत एखादा कागद, पावती, फोटो असेल तर स्कॅन कर. दादासाहेबांकडची पत्रं जपली गेली म्हणून १९३४ चं ते म्हणणं आज आपण वाचतो. तुमच्या घरातलं कुणी जपलं नाही तर पुढच्या पिढीकडे 'होते म्हणे' एवढंच उरेल. कंपनीच्या अंकातल्या तीन ओळींपेक्षा हे काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मंडळाचा सत्कार नाकारू नकोस. ती माणसं प्रेमाने बोलावतायत, आणि २ मार्चला आपल्यातली मुलगी व्यासपीठावर असावी हे वाटणं अगदी रास्त आहे. फक्त मंडळाच्या लोकांना आधीच सांग की पत्रिकेत नावापुढे हुद्दा आणि काम येऊ द्या, पणजोबांचं नाव त्याखाली. आणि शाल-श्रीफळानंतर पंधरा मिनिटं माग. त्यात भाषण करू नकोस. जुन्या फिक्श्चरवरचा ओव्हल झालेला एक पार्ट आणि एक चांगला पार्ट, कंपनीची परवानगी घेऊन, सोबत ने. आयटीआयला, पॉलिटेक्निकला जाणारी पोरं पुढे बसव, त्यांच्या हातात दे, बोअर गेज लावून दाखव. 'ताई, तुमच्याकडे ट्रेनी कसं लागायचं?' हे विचारणारा एक तरी निघेल. त्याला नंबर दे.

एचआरला मजकूर पाठवताना एक अट घाल: छापायला जाण्याआधी पान तुला दाखवायचं. मथळा आणि फोटोखालची ओळ दुसरंच कुणीतरी लिहितं, आणि घोळ तिथेच होतात. 'वंचित घरातील कन्येची भरारी' असलं काही दिसलं तर खोडायला लाव. घर वंचित ठेवलं गेलं होतं हे खरं, पण मथळ्यात तुझं पद आणि त्या हाउसिंगचं रिजेक्शन कसं थांबलं हेच येऊ दे.

तुझी,
ताई