‘अस्तित्ववादी बुद्धिमत्ता’ हा शब्द बरोबर आहे का?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनरनं सांगितलेल्या बुद्धिमत्तेच्या प्रकारांपैकी एकाला, जगण्या-मरण्याचे मोठे प्रश्न पडण्याच्या क्षमतेला, ‘अस्तित्ववादी’ म्हटलंय. ते चालेल का, आणि सातवीच्या मुलांना हे कसं सांगावं?

नाही चालणार. हा शब्द ऐकून ऐकून कान किटले आहेत. अस्तित्ववाद म्हणजे फ्रेंच विचारवंत सार्त्र वगैरेंचं तत्त्वज्ञान. ‘मेल्यावर माणूस कुठे जातो?’ असं विचारणारी मुलगी कुठल्याही वादाची अनुयायी नसते, तिला फक्त प्रश्न पडलेला असतो. गार्डनरनं १९८३ साली सात बुद्धिमत्ता मांडल्या, पुढे निसर्गविषयक आठवी जोडली. ही अस्तित्वाची बुद्धिमत्ता मात्र मेंदूविज्ञानाचा पुरेसा पुरावा नाही म्हणून त्यानं पक्की केली नाही, ‘साडेआठ’वरच थांबला. ‘अस्तित्वविषयक’ म्हणा, झालं.

खरी गंमत ‘अस्तित्व’ या शब्दातच आहे. ‘अस्ति’ म्हणजे ‘आहे’. चक्क क्रियापद, आणि त्याला ‘त्व’ लागलाय! मराठीला यात नवल वाटायला नको. आपण ‘होत्याचं नव्हतं झालं’ म्हणतो, ‘आहे रे’ आणि ‘नाही रे’ वर्ग म्हणतो. आस्तिक-नास्तिक याच घडणीचे. पाणिनीचं सूत्र आहे: ‘अस्तिनास्तिदिष्टं मतिः’. त्यावर भाष्यकार पतंजली शंका काढतो: ज्याला मती आहे तो आस्तिक म्हणावं, तर चोरही आस्तिक ठरेल, मती त्यालाही असतेच! मग तोच उलगडा करतो की इथे ‘इति’, म्हणजे ‘असं’, हा शब्द लोपला आहे. ‘आहे’ अशी ज्याची मती, तो आस्तिक.

काय आहे? देव, असं सर्रास सांगतात. सूत्रात देव कुठेच नाही. काशिकावृत्ती ही पाणिनीवरची जुनी टीका ‘परलोक’ म्हणते. ‘नास्तिक म्हणजे वेदनिंदक’ ही मनूची व्याख्या, आणि मनुस्मृती पाणिनीनंतरची. ती मूळ अर्थ म्हणून पुढे करणाऱ्या पंडितांनी सूत्र पुन्हा उघडून पाहावं.

माझं मत असं की हा लोपलेला ‘इति’ कठोपनिषदात ढळढळीत दिसतो. नचिकेता यमाला विचारतो, मेलेल्या माणसाबद्दल शंका आहे, ‘अस्तीत्येके नायमस्तीति चैके’. कोणी म्हणतात आहे, कोणी म्हणतात नाही. आस्तिक-नास्तिक ही जोडी अशाच वादातून आली असावी, असं मला फार वाटतं. यम त्याला पुत्र-पौत्र, हत्ती, घोडे, सोनं, हवं तितकं आयुष्य देऊ करतो आणि हा प्रश्न सोड म्हणतो. तो सोडत नाही. ज्ञानेश्वरीतलं ‘आथी’ हे याच ‘अस्ति’चं प्राकृत ‘अत्थि’वाटे आलेलं रूप, आणि ‘नाथिलें’ म्हणजे मुळात नसलेलं. हे शब्द आपण वापरातून जाऊ दिले याचं मला फार वाईट वाटतं.

मुलांना नचिकेत्याचीच गोष्ट सांगा. उपनिषद त्याला ‘कुमार’ म्हणतं.