मॅटलॅबची ७.३ फाइल पायथनमध्ये उघडत नाही, काय करावं?

नागपूरहून विचारलंय: ३२ चॅनेलचं, ३० किलोहर्ट्झचं न्यूरल रेकॉर्डिंग मॅटलॅबमध्ये ७.३ फॉरमॅटला सेव्ह केलंय आणि सायपाय या पायथन लायब्ररीचं, मॅटलॅब फाइल वाचणारं लोडमॅट एरर देतंय.

देणारच. ७.३ ची फाइल आतून एचडीएफ५ (मोठा डेटा साठवायचा एक फॉरमॅट) असते, लोडमॅट ती वाचतच नाही. एच५पाय या पायथन लायब्ररीने उघडा. पण खरी गडबड पुढे आहे: मॅटलॅब कॉलमनुसार साठवतो, म्हणून ३२ × ९००००० चा अ‍ॅरे पायथनमध्ये ९००००० × ३२ दिसेल. ट्रान्सपोज करा, म्हणजे रांगा आणि कॉलम यांची अदलाबदल करून घ्या, नाहीतर चॅनेलच्या जागी सॅम्पल वाचाल आणि एररही येणार नाही. सेल अ‍ॅरेत (मॅटलॅबची वेगवेगळ्या प्रकारचा डेटा ठेवायची रचना) आकड्यांऐवजी रेफरन्स, म्हणजे डेटा कुठे आहे त्याचे पत्ते मिळतात, ते एकेक उघडावे लागतात. मॅटलॅबमध्ये काढलेल्या स्पाइकच्या (चेतापेशीच्या क्षणिक विद्युत-ठोक्याच्या) सॅम्पल-क्रमांकातून १ वजा करा, कारण तिथे मोजणी १ पासून सुरू होते.

मूळ डेटा इंट१६ (२ बाइटचे पूर्णांक) असेल तर तसाच ठेवा. ‘डबल’ प्रकारात (८ बाइटचे दशांश आकडे) बदलला की जागा चौपट: तासाभराचे ७ जीबी थेट २८ होतात. हे पूर्णांक मायक्रोव्होल्टमध्ये बदलणारा गुणक वेगळा लिहून ठेवा.

शेवटी एका चॅनेलचे पहिले १० आकडे दोन्हीकडे छापून जुळवा. आणि डेटा नव्या फाइलमध्ये लिहिणार असाल तर ते रूपांतर यूपीएसवरच चालवा. उन्हाळ्यात मध्येच लाइन गेली तर अर्धवट लिहिलेली एचडीएफ५ फाइल बरेचदा उघडतच नाही.