आईबाबा पहिल्यांदाच तीन महिन्यांसाठी जर्मनीत येणार आहेत. आम्ही दोघंही नोकरी करतो. त्यांचे दिवस कसे जातील?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर घरात बसून ते कंटाळतील, त्यांना काय काय दाखवावं. मी म्युनिकला राहते. माझे आईबाबा सांगलीहून दोनदा येऊन गेले, 2018 च्या ऑक्टोबरात आणि 2023 च्या मे महिन्यात. पहिली खेप माझ्या चुकीने जड गेली, दुसरी त्यांनी स्वतःच छान घालवली. म्हणून काय दाखवावं हे सांगण्याआधी थोडं वेगळं सांगते.

पहिल्या वेळी मी शनिवार-रविवारचा तक्ताच करून ठेवला होता. नॉयश्वानश्टाइनचा किल्ला, साल्झबुर्ग, बर्फाचे डोंगर. सोमवार ते शुक्रवार त्यांनी काय करायचं, हा विचार मात्र केला नव्हता. पोळीभाजी झाकून ठेवायची, मराठी मालिका लावून द्यायची आणि आठला आम्ही बाहेर. डिसेंबरात इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. सहाला मी घरी यायचे तेव्हा बाबा खिडकीशी अंधारात बसलेले असायचे. दिवा का नाही लावला विचारलं तर म्हणायचे, "वीज कशाला जाळायची?"

एक दिवस दोघं कचरा टाकायला खाली गेले आणि मागे दार लागलं. इथल्या बहुतेक घरांच्या दाराला बाहेरून कडी फिरवता येत नाही, नुसती मूठ असते. दार ओढलं गेलं की किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक नवऱ्याकडे. फोन आत. माझा नंबर दोघांनाही पाठ नव्हता. अडीच तास जिन्यात बसून होते. वरच्या मजल्यावरच्या आजींनी दोन खुर्च्या आणि एक शाल आणून दिली होती. रात्री जेवताना बाबा एवढंच म्हणाले, "आम्हाला किल्ली का नाही दिलीस गं?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांना रस्ता सापडणार नाही, भाषा येत नाही, कुठे हरवले तर, असं मनात धरून मी त्यांना जपत होते, आणि जपता जपता कोंडून ठेवलं होतं. माझे बाबा एस.टी.त कंडक्टर होते. सांगली डेपोच्या गाड्यांचे सगळे थांबे ज्यांना पाठ, त्यांना मी एकटं कोपऱ्यापर्यंत जाऊ दिलं नव्हतं.

2023 ला ते आले तेव्हा तिसरी किल्ली आधीच करून घेतली. पहिला आठवडा मी सुट्टी घेतली, पण फिरवायला नाही. रोज एकच रस्ता, तीनदा. पहिल्यांदा मी पुढे, दुसऱ्यांदा बाबा पुढे आणि मी मागे, तिसऱ्यांदा ते दोघंच आणि मी घरी फोनजवळ. तुम्हाला मी हाच सल्ला देईन, सुट्टी शेवटच्या आठवड्यासाठी राखू नका, पहिल्या आठवड्यात घ्या.

आमच्या घराजवळून भुयारी रेल्वेची यू-6 जाते. त्याच 1 मेपासून डॉइचलांडटिकेट सुरू झालं होतं, 49 युरोत महिनाभर देशातल्या सगळ्या शहरांच्या बस, ट्राम, भुयारी आणि साध्या लोकल गाड्या. आता ते 63 युरो झालंय, तरी रोज तिकीट कुठलं काढायचं या धास्तीतून सुटका होते ही मोठी गोष्ट आहे. (ते आपोआप चालू राहतं. त्यांच्या शेवटच्या महिन्यात 10 तारखेच्या आत रद्द करा.) बाबांनी खिशातल्या वहीत देवनागरीत थांबे उतरवून घेतले: वेस्टपार्क, पार्टनाखप्लाट्झ, हारास, इम्प्लरश्ट्रासे, पोच्चिश्ट्रासे, गोएथेप्लाट्झ, झेंडलिंगर टोअर, मारियेनप्लाट्झ. स्टेशनात फाटक नाही, गाडीत कंडक्टर नाही, तरी लोक तिकीट काढतात, याचं त्यांना फार अप्रूप होतं. दुसऱ्या आठवड्यात ते गोएथेप्लाट्झला उतरून मुख्य स्टेशनच्या बाजूच्या तुर्की-अरबी दुकानांतून भेंडी आणि कोथिंबिरीची भली मोठी जुडी घेऊन आले. हिशेब न चुकता केला होता. तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर किल्ला बघताना दिसला नव्हता.

चालत जाता येईल अशी एक जागा शोधून ठेवा. आमच्याकडे वेस्टपार्क आहे. 1983 च्या उद्यान प्रदर्शनासाठी ही बाग केली, तेव्हाचा लाकडावर कोरीवकाम केलेला नेपाळी पॅगोडा आणि तळ्यातला थाई मंडप अजून आहे. मंडपात बुद्धाची मूर्ती आहे. आई रोज दहा वाजता तिथे जाऊन हात जोडायची, मग बाकावर बसून मिरजेला मावशीला फोन. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे मावशीचं जेवण उरकलेलं असायचं. पंधरा दिवसांत तीन-चार जर्मन आजीआजोबा त्यांना लांबूनच हात करायला लागले. भाषा कुणालाच येत नव्हती.

घरातलंही काहीतरी त्यांचं असू द्या. बाबांनी रिकाम्या बाटल्या आपल्याकडे घेतल्या. पाण्याच्या एका प्लास्टिक बाटलीमागे दुकानातल्या यंत्रातून 25 सेंट परत मिळतात, आणि ते दाखवल्यावर घरात एकही बाटली टिकेना. आईला इथलं क्वार्क सापडलं, म्हणजे घट्ट दह्यासारखं ताजं चीज. ते फडक्यात रात्रभर टांगून ठेवलं की चक्क्यासारखं होतं, आणि तिने केलेलं श्रीखंड आमच्या इमारतीत सगळ्यांकडे गेलं, त्या शालवाल्या आजींकडे आधी. एकच पथ्य सांगावं लागलं. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर मिक्सर, ठोकाठोक नको. शेजारी ते मनावर घेतात.

तिन्हीसांजेचा प्रश्न मला सुचलाच नव्हता. जूनमध्ये इथे सव्वानऊला सूर्य मावळतो. देवाजवळ दिवा कधी लावायचा? आई दोन दिवस अस्वस्थ होती. मग तिने ठरवलं, घरी सातला लावते तर इथेही सातला. भर उन्हात तिचं शुभंकरोती चालायचं. मुद्दाम सांगते, कारण आपले आईबाबा अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत. आपण विचाराव्या लागतात.

आता औषधं. विमा व्हिसासाठी लागतोच, किमान 30,000 युरोचा, पण आधीपासूनचं बीपी-शुगर बऱ्याच विम्यांत धरत नाहीत, ते कलम आधी वाचा. गोळ्या तीन महिन्यांच्या आणायला सांगा आणि सगळ्या हातातल्या बॅगेत. आईच्या पहिल्या खेपेत मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली आणि बीपीच्या गोळ्या त्यातच होत्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीच्या ब्रँडचं नाही, औषधाचं मूळ नाव हवं, आपल्याकडची नावं इथे कुणी ओळखत नाही. तातडीला 112, डॉक्टरांच्या वेळेबाहेर साधं दुखणं असेल तर 116117. हे दोन नंबर, तुमचा नंबर आणि घरचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून दोघांच्या खिशात.

सामानाबद्दल एवढंच, की दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बासुंदी नाही. आंबाही बिनकागदपत्रांचा नाही. नारळ चालतो. आईला हे आधी सांगा, नाहीतर तिने मनापासून केलेलं विमानतळावर टाकून द्यावं लागेल, आणि ते बघवत नाही.

पैशांचं थोडं नाजूक आहे. "लेकीच्या घरचं किती दिवस खायचं" हे बाबांच्या तोंडून मी दोनशे वेळा ऐकलं. मी वाद घालणं सोडलं. भाजी त्यांच्या पैशांची, हे मान्य केलं. कोबीच्या किमतीचे रुपये करून ते हळहळले तर हळहळू देते.

तुम्हाला लहान मूल असेल तर ते सांभाळायला मिळेल म्हणून बोलावत असाल, तर तसं स्पष्ट विचारा. आनंदाने करतील, पण आठवड्यातला एक दिवस तरी त्यांचा पूर्ण मोकळा ठेवा.

आणि तारीख ठरली असेल तर आजच घरमालकाला लिहा. आख्ख्या इमारतीला एकाच व्यवस्थेचं कुलूप असेल तर किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात करून मिळत नाही, मालकाची परवानगी लागते आणि यायला बरेच दिवस जातात. ती हरवली तर सगळ्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो, म्हणून तुमच्या हाफ्टप्फ्लिष्ट विम्यात (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा) किल्ली हरवण्याचं कलम आहे का तेही बघून घ्या. आमची तिसरी किल्ली अजून दाराजवळच्या खिळ्यावर आहे, बाबांनी तिला बांधलेल्या लाल दोऱ्यासकट.