अडतिसाव्या वर्षी छंद म्हणून तिरंदाजी सुरू करता येईल का? नांदेडला राहतो, काम बैठं आहे. धनुष्य कोणतं घ्यावं?

येईल की. या खेळात पळापळ नाही, त्यामुळे वय आड येत नाही. आड येतो तो खांदा, आणि तोही बहुतेक वेळा जड धनुष्यापायी.

धनुष्य 'जड' म्हणजे हातात धरायला नव्हे, ओढायला. हा जोर पाउंडात मोजतात. धनुष्याच्या पात्यावर (मुठीच्या वर-खालचे वाकणारे भाग म्हणजे पाती) लिहिलेला आकडा साधारण २८ इंच ओढीचा असतो. उंचापुरा गडी दिसला की दुकानदार ३०-३५ पाउंडाचं पुढे करतो. घेऊ नका. १८ ते २४ पाउंड भरपूर झाले. ओढ दंडाने घ्यायची नसते, पाठीतल्या दोन फऱ्यांमधल्या स्नायूंनी घ्यायची असते, आणि खुर्चीत बसणाऱ्यांचे नेमके तेच झोपलेले असतात. झेपेना झालं की अंग चोरवाट काढतं: खांदा कानाला भिडतो, कंबर मागे कलते. ही खोड लागली की भल्याभल्यांची सुटत नाही. टेकडाउन रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, सुटे भाग जोडायचं धनुष्य) घेतलं तर पुढे नुसती पाती बदलून पाउंड वाढवता येतात.

पण घ्यायची घाई कशाला? आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन तिरंदाजीचा प्रशिक्षक कोण, सराव कुठे चालतो ते विचारा. तिथलंच धनुष्य वापरायला मिळालं तर उत्तम. रांगेत शेजारी सहावी-सातवीची पोरं असतील, 'काका, कोपर वर' म्हणून तुम्हालाच शिकवतील. ऐकून घ्यायचं, बहुतेकदा त्यांचं बरोबर असतं.

माशाचा डोळा वगैरे तूर्त राहू द्या. सुरुवातीला टार्गेटचा कागदसुद्धा लावत नाहीत. चार-पाच मीटरवर कोरी बट (बाण रुतायला उभा केलेला जाड गठ्ठा), आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा: तर्जनी जबड्याच्या हाडाखाली, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला टेकलेली, मग सोडायचं. सोडायचं म्हणजे बोटं फाकवायची नाहीत. ती सैल पडतात, दोरी आपली निघून जाते आणि हात मानेच्या बाजूने मागे सरकतो. हे अंगवळणी पडलं की १८ मीटर. ऑलिंपिकचं ७० मीटर फार पुढचं.

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याने) जगज्जेते झाले, तेव्हापासून बऱ्याच जणांना थेट कंपाउंडच हवं असतं. त्यात या चाकांमुळे पूर्ण ओढीवर जोर निम्म्याहून कमी होतो, हे खरं. पण ते महाग, आणि तुमच्या हाताच्या लांबीला जुळवून देणारा जाणकार जवळ लागतो. माझं मत रिकर्व्हच. इंडियन राउंड या आपल्याकडच्या प्रकाराचं बांबूचं धनुष्यही स्वस्तात मस्त, फक्त त्याला साइट (नेम धरायची खूण) नसते.

आपल्याकडचं ऊन धरून चाला. मार्चपासून सराव सकाळी लवकर उरका. दुपारचा वारा हलक्या धनुष्याचे बाण कुठल्या कुठे नेतो. धनुष्य बंद गाडीत तर अजिबात ठेवू नका. पात्याचे थर चिकटवलेले असतात, ते तापून सुटतात.

शेतात सराव करायचा तर बटीमागे चांगला उंच मातीचा बांध हवा, आणि पलीकडे वाट, आखाडा (शेतातलं घर-गोठा) किंवा गुरं राखणारं कोणी नको. काळ्या रानात चुकलेला बाण ढेकळांखाली आडवा शिरतो नि शोधता शोधता नाकी नऊ येतात.

बाण न लावता ओढलेली दोरी कधीच सोडू नका. सगळा जोर पात्यांवर येतो आणि ती तडकतात. कार्बनचे बाण असतील तर दर वेळी दोन्ही हातांनी जरासे वाकवून कानाशी धरा. बारीक करकर ऐकू आली तर तो बाण मोडून टाका, ठेवून देऊ नका. चीर गेलेला कार्बन सुटताना फुटतो आणि धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.