गोळी चहाबरोबर देता?

ताई,
माझी बायको ४४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सोसायटीत तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. आता हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तरी नको म्हणते, मुलावर खेकसते, माझ्याशी धड बोलत नाही. प्रेमाचं हार्मोन कमी झालं की असं होतं म्हणे. ऑक्सिटोसिन वाढवायला काय करू? मी माझ्याकडून काही कमी ठेवत नाही. सकाळी थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळीसुद्धा चहाबरोबर मीच तिच्या हातात देतो.
– एक नवरा, सांगली

अहो, ते ऑक्सिटोसिन ठेवा बाजूला. थायरॉइडची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि चहा, सगळं एकदम? उपाशीपोटी द्यायची, असं कुणी सांगितलं नव्हतं?

ती गोळी म्हणजे थायरॉक्सिन. कॅल्शियम तिला पोटातच अडकवून ठेवतं, चहानेही ती नीट शोषली जात नाही. रोज इमानेइतबारे घेऊनही ती रक्तात पुरेशी पोचत नसेल, अशी मला दाट शंका आहे. मेंदू रक्तातून आलेल्या थायरॉक्सिनपासून स्वतःपुरतं टी-३, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारं थायरॉइड हार्मोन, बनवून घेतो. ते कमी पडलं की डोकं जड होतं, नावं आठवत नाहीत, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते, चार माणसांत जायचा कंटाळा येतो. घरच्यांना मात्र वाटतं, हिची माया आटली.

तुम्ही काळजी घेता, कबूल. पण एवढ्या पत्रात ती स्वतः काय म्हणते, याचा एक शब्द नाही! थंडी सोसत नाही का, थकवा किती, पाळी कशी आहे, कधी विचारलंत? या वयात पाळीचे हार्मोनही वरखाली होतात आणि मूड बिघडवतात. तो विषय डॉक्टरांकडे निघेलच.

आधी या आठवड्यात रक्तातला टीएसएच तपासून घ्या; थायरॉइड हार्मोन कमी पडलं की तो वाढतो. रक्त दिल्यावर दुसऱ्या दिवसापासून गोळी उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने, कॅल्शियम रात्री जेवणानंतर. आणि त्या तासात मुलाचा डबा तुम्ही भरा, म्हणजे चहावाचून ओट्याशी उभं राहायची वेळ तिच्यावर येणार नाही.

टीएसएच वाढलेला निघाला तर डॉक्टर साहजिकच डोस वाढवायला बघतील. त्याआधी त्यांना चहाचं आणि कॅल्शियमचं सांगा. बायकोला पुढे करू नका, तुम्हीच सांगा. मग सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा.