दाढेच्या सिमेंटमध्ये कडुलिंबापासून बनवलेले नॅनोकण घालतात म्हणे, सोलापुरात असं फिलिंग मिळेल का?

कल्पना खरी आहे, पण सोलापुरात काय नि पुण्या-मुंबईत काय, दवाखान्यात मागितलं आणि मिळालं असं अजून नाही, बहुतेक काम लॅबमध्येच चाललंय. करतात काय, तर कडुलिंबाच्या पानांचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या (चांदीच्या क्षाराच्या) पाण्यात घालतात, अर्कातल्या घटकांमुळं चांदीचे अतिबारीक कण बनतात आणि पाणी हळूहळू पिवळसर-तपकिरी होत जातं, तो रंग आला की कण तयार व्हायला लागले समजायचं. मग हे कण ग्लास आयोनोमर सिमेंटमध्ये, म्हणजे दात भरायच्या एका नेहमीच्या सिमेंटमध्ये, अगदी थोडे मिसळतात. फिलिंगच्या कडेला बारीक फट पडते ना, तिथूनच परत कीड लागते, तिथं स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा दात किडवणारा जंतू वाढू नये यासाठी हा सगळा खटाटोप.

पण जंतू मारते ती मुख्यतः चांदी, त्यामुळं झाडपाल्याचं म्हणजे निर्धोकच असं धरून चालू नका. कण जास्त झाले तर सिमेंट कमजोर पडू शकतं, रंगही काळपट येतो, आणि आपल्याकडं कडक भाकरी चावायची म्हटल्यावर मजबुती आधी बघायलाच पाहिजे.

घरी कडुलिंबाचा रस दाढेत भरत बसू नका प्लीज, खड्डा तसाच राहतो आणि कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत (नर्व्हपर्यंत) जाते. आत्ता डेंटिस्ट सांगतील ते फिलिंग करून घ्या, साध्या ग्लास आयोनोमरमधूनसुद्धा कीड रोखायला मदत करणारं फ्लोराइड सुटतं.