गावातल्या मुलांना इंग्रजी शिकवताना ब्रिटिश उच्चारांचा आग्रह धरावा का?

तुम्ही विचारलंय की मुलं 'इस्कूल' म्हणतात, 'थँक यू'मधला 'थ' आपल्या थाळीतला लावतात, तर आधी ब्रिटिश उच्चार घटवून घ्यावेत का. माझं उत्तर: नको. मी वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. सुरुवातीची काही वर्षं माझाही हाच आग्रह होता.

मत बदललं ते सहलीत, सेवाग्राम आश्रमात. तिथे एक जपानी बाई आल्या होत्या. त्यांचं इंग्रजीही आमच्या मुलांसारखंच, जेमतेम. वर्गात पहिला येणारा मुलगा चूक होईल म्हणून गप्प उभा राहिला. एक मुलगी मात्र म्हणाली, 'स्लो प्लीज, आय नो अंडरस्टँड.' बाई सावकाश बोलल्या. मग हिने सांगितलं, 'माय फादर फार्मर. टू मच रेन. कॉटन ब्लॅक.' पावसाने कापूस काळा पडला, हे त्या बाईंना कळलं, आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. दोघींपैकी कोणाचीही इंग्रजी मातृभाषा नव्हती. आपल्या मुलांना पुढे भेटणारी माणसं बहुधा अशीच असणार: तमिळ, बंगाली, जपानी, अरब.

यावर भाषातज्ज्ञांनी नीट काम केलंय. जेनिफर जेंकिन्स यांनी 2000 साली इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या आपसातल्या इंग्रजी संभाषणात नेमकं कुठे अडतं ते मांडलं. 'थँक'मधल्या 'थ'ने सहसा अडत नाही. व्यंजनांच्या आधीमधी एखादा स्वर घुसला तरी फारसं बिघडत नाही, व्यंजन गळालं तर बिघडतं. म्हणून आपलं 'इस्कूल' चालून जातं.

मेहनत घ्यायची ती दुसरीकडे. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, त्यामुळे 'लिव्ह' आणि 'लीव्ह' आपल्या तोंडून एकच निघतात. राहणं आणि सोडून जाणं यातला फरकच बुडतो. तसंच शब्दाच्या सुरुवातीचा आपला 'प' कोरडा असतो, म्हणजे त्यासोबत हवेचा झोत निघत नाही; बाहेरच्या कानाला तो 'ब' वाटू शकतो. मी मुलांच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरते. 'पिन' म्हणताना ती हलली पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचा, वाक्यातल्या नेमक्या शब्दावर द्यायचा जोर. 'मलाच पाहिजे'मधलं 'च'चं काम इंग्रजीत बहुतेकदा आवाज करतो. हे एकदा सांगितलं की मुलांना चटकन उमगतं, कारण 'च' त्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे.

वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून घेणं मी सोडलं. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' त्या जपानी बाईंना कळलं असतं की नाही कोण जाणे, 'टू मच रेन' लगेच कळलं.

'शी गो' म्हटल्याने बोलण्यात अर्थ अडत नाही, पण परीक्षेत गुण जातात आणि नोकरीच्या अर्जावर ते वाईट दिसतं. गरिबाच्या लेकराला ती सूट कोणी देत नाही. म्हणून लिहिताना मी 'गोज'च लिहून घेते, त्यात ढिलाई नाही. बोलताना मात्र मधे तोडत नाही. एका तपासणीत साहेब 'इस्कूल'वर हसले होते. त्यानंतर ते पोरगं दिवाळीपर्यंत इंग्रजीच्या तासाला बोललं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

उद्यापासून काही करायचं असेल तर हे करा. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाने गावाचा नकाशा इंग्रजीत सांगायचा: पार, विहीर, शाळा, नाला. दुसऱ्याने काढायचा. विहीर नाल्याच्या भलत्याच बाजूला गेली की दोघांनी आपसात शोधायचं कुठे चुकलं, तुम्ही सांगायचं नाही. पहिल्या दिवशी माझी मुलं 'मॅडम, मले समजलंच नाई' म्हणत माझ्याकडे येत होती. महिन्याभरात ती एकमेकांना विचारू लागली, 'से अगेन. लेफ्ट ऑर राइट?'